स्लाइड कोल्टची, फ्रेम रेमिंग्टन रँडची : मग हे १९११ अस्सल म्हणायचं का?

तुम्ही जे लिहिलंय त्यातलं मला काय कळलं ते आधी सांगतो, म्हणजे मी उत्तर नक्की कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुम्हाला दुसऱ्या महायुद्धातलं एक .४५, म्हणजे अमेरिकी सैन्याचं १९११ पिस्तूल मिळतंय, फ्रेमवरचा (खालच्या, मूठ असलेल्या सांगाड्यावरचा) नंबर शोधला तर तो रेमिंग्टन रँड कंपनीला दिलेल्या नंबरांमधला निघाला, पण स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) मात्र कोल्ट कंपनीचं नाव आहे. विकणारे गृहस्थ म्हणतायत "ओरिजनल वॉरटाइम पिस्तूल आहे", तुमचा मित्र म्हणतो ही खिचडी आहे, याच्या नादी लागू नको, सरळ नवीन कोल्ट घे कारण खरं १९११ म्हणजे कोल्टच, आणि वर आणखी कोणीतरी सांगितलं की सिरीज ८० चा कोल्ट हा खरा १९११ नाहीच. तर आता ऐकायचं कोणाचं?

माझं काम जुन्या सर्व्हिस पिस्तुलांची दुरुस्ती करणं आणि घेणाऱ्यांसाठी ती तपासून देणं हे आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर सारखा येतो. आणि दरवेळी मला आधी विचारावं लागतं की तुम्हाला यातलं नेमकं काय पाहिजे, कारण तुमच्याभोवतीचे तिघेही जण आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत, फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. एक जण बोलतोय डिझाइनबद्दल, म्हणजे आतली यंत्रणा १९११ ची आहे का. दुसरा बोलतोय बनवणाऱ्याबद्दल. आणि विकणारे बोलतायत या एका विशिष्ट पिस्तुलाच्या इतिहासाबद्दल, म्हणजे ते खरोखर तेव्हा सैन्यात होतं का आणि तेव्हा जसं होतं तसंच आज आहे का. पिस्तूल एका अर्थाने शंभर टक्के खरं आणि दुसऱ्या अर्थाने अर्धवट असू शकतं, त्यात विरोधाभास काही नाही.

आधी डिझाइनचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

लोक असं धरून चालतात की १९११ साली जॉन ब्राउनिंग या डिझाइनरने एक पिस्तूल काढलं, ते "मूळ", आणि नंतरचे सगळे फेरफार म्हणजे त्यापासून लांब जाणं. प्रत्यक्षात ते डिझाइन कधी एका जागी थांबलेलंच नाही. तुमच्या त्या कोल्टच्या स्लाइडच्या डाव्या बाजूला पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतील, त्या भिंगाने वाचून बघा, २० एप्रिल १८९७ पासून सुरू होतात आणि १९ ऑगस्ट १९१३ ला संपतात. सोळा वर्षांचं काम त्या एका ओळीत आहे. १९०५ च्या कोल्ट पिस्तुलात नळी पुढे आणि मागे अशा दोन लिंकांवर (छोट्या झुलणाऱ्या दुव्यांवर) टांगलेली होती आणि ती सरळ आडवीच खाली यायची. १९०९ च्या नमुन्यात पुढची लिंक गेली, तिच्या जागी तोंडाशी नळीला धरणारं बुशिंग (कडं) आलं आणि नळी फक्त मागच्या बाजूने खाली झुकायला लागली. १९१० मध्ये ग्रिपचा कोन बदलला. आणि महत्त्वाचं म्हणजे १९१० चे पहिले नमुने अंगठ्याच्या सेफ्टीशिवायच बनले होते, फक्त ग्रिप सेफ्टी (मूठ घट्ट धरल्याशिवाय पिस्तूल झाडू न देणारी) होती, अंगठ्याची सेफ्टी सैन्याला पाहिजे होती म्हणून नंतर बसवली. आज कोणी अंगठ्याची सेफ्टी नसलेलं पिस्तूल आणून दाखवलं तर आपण म्हणू हे १९११ नाही, पण ब्राउनिंगच्या हातातला नमुना तसाच होता.

मग मार्च १९११ ची ती प्रसिद्ध चाचणी झाली, एकेका पिस्तुलातून ६००० गोळ्या, त्यात प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडखळलं आणि कोल्टचं एकदाही नाही, आणि २९ मार्च १९११ ला सैन्याने ते स्वीकारलं. माझ्या मते खरी रेघ इथे पडते. कारण या दिवसानंतर ते पिस्तूल एका माणसाची किंवा एका कंपनीची कल्पना राहिलं नाही, ते सैन्याच्या ऑर्डनन्स (शस्त्रास्त्र) खात्याच्या ड्रॉइंगचा संच झालं, प्रत्येक भागाचं माप, टॉलरन्स, धातू, सगळं कागदावर. ज्याला ते ड्रॉइंग आणि कंत्राट मिळालं त्याने बनवायचं. सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरीने बनवलं, पहिल्या महायुद्धात रेमिंग्टन यूएमसीने बनवलं. दुसऱ्या महायुद्धात कोल्टबरोबर रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल आणि सिंगर. यातल्या कोल्ट आणि इथाका सोडल्या तर बाकी कोणाचा मूळ धंदा बंदुकीचा नव्हता, रेमिंग्टन रँड टाइपरायटर करायची, युनियन स्विच रेल्वेचे सिग्नल आणि सिंगर शिलाई मशीन. सिंगरने फक्त ५०० पिस्तुलं केली, म्हणूनच आज त्यांच्या नकला सगळ्यात जास्त निघतात.

आता तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे या. "खरं १९११ म्हणजे कोल्ट" हे जर खरं धरलं तर युद्धात सगळ्यात जास्त १९११ए१ (१९११ ची पुढची सुधारित आवृत्ती) बनवणारी कंपनीच बाद होते, कारण ती रेमिंग्टन रँड होती, कोल्ट नव्हे. आणि त्या कंपनीचं काम सुरुवातीला अडलं होतं ते कशावरून? १९४३ मध्ये त्यांचं उत्पादन काही काळ थांबवलं होतं, कारण त्यांचे भाग इतरांच्या पिस्तुलात अदलाबदल करून नीट बसत नव्हते. म्हणजे ऑर्डनन्सवाल्यांच्या लेखी खरं-खोटं ठरवायची कसोटी हीच होती, नाव कोणाचं आहे ते नाही तर तुझी स्लाइड, तुझा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), तुझी नळी दुसऱ्याच्या फ्रेमवर बसते का आणि चालते का. ती अडचण त्यांनी सोडवली आणि पुढे त्यांची पिस्तुलं उत्तम निघाली, मी जी जी उघडून बघितलीत त्यांचं आतलं काम मला आवडतं.

मी स्वतः हीच कसोटी वापरतो. माझ्याकडे एका डब्यात युद्धकाळातले सुटे भाग वेगळे ठेवलेत, स्लाइड स्टॉप, ग्रिप सेफ्टी, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन आणि तिचा स्टॉप, मेनस्प्रिंग हाउसिंग वगैरे. कोणी "हे अगदी जुन्या स्पेकचं आहे" म्हणून नवीन पिस्तूल आणलं की मी ते खोलतो आणि हे भाग लावून बघतो. पिनांची भोकं जागेवर आहेत का, स्लाइड स्टॉप सरळ आत जातो का, एक्स्ट्रॅक्टर आपल्या बोगद्यात बसतो का. अंगठ्याची सेफ्टी मी यात धरत नाही, कारण आज नवीन पिस्तुलात ती सियरशी (हॅमरला अडवून धरणाऱ्या भागाशी) थोडीफार घासून जुळवावीच लागते आणि ते न जमणं म्हणजे दोष नाही. पण पिनांची भोकंच वेगळ्या जागी असतील तर मग बाहेरून कितीही जुनं दिसू दे, ते १९११ सारखं दिसणारं दुसरं पिस्तूल आहे.

यंत्रणेचं थोडं जवळून सांगतो कारण पुढचं त्यावरच आहे. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग स्लाइड काढून नळी हातात घ्या. नळीच्या वरच्या बाजूला आडव्या कडा दिसतील, त्या स्लाइडच्या आतल्या खाचांत बसतात, म्हणजे गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात आणि दोन्ही मिळून मागे सरकतात. खाली एक छोटी झुलणारी लिंक असते, आठ आकड्यासारखी, तिच्यातून स्लाइड स्टॉपची पिन जाते. थोडं मागे गेल्यावर ही लिंक नळीची मागची बाजू खाली ओढते, कडा खाचांतून सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. दुसरी गोष्ट ट्रिगर, तो कुठल्या पिनवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो आणि त्याची पातळ पट्टी मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी जाऊन मागच्या भागांना ढकलते. तिसरी, ग्रिप सेफ्टी आणि अंगठ्याची सेफ्टी दोन्ही फ्रेमवर. चौथी, एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत, एक लांब स्प्रिंगसारखी कमावलेली पट्टी, आणि मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिच्या आकड्याखाली खालून सरकत जाते. आणि पाचवी मला फार प्रिय आहे, ती म्हणजे पूर्ण पिस्तूल त्याच्या स्वतःच्याच भागांनी खोलता येतं, हॅमर स्ट्रटचं टोक पिना ढकलायला वापरता येतं आणि सियर स्प्रिंगच्या पातीने मॅगझिन कॅचचं कुलूप फिरवता येतं. खंदकात बसलेल्या शिपायाकडे हत्यारांची पेटी नसणार हे ज्याने डोक्यात ठेवलं त्याचं हे काम आहे.

या पाच गोष्टी लावून बघितल्या की बरेच वाद आपोआप मिटतात. अर्जेंटिनाचं उदाहरण घ्या, तिथे दोन पिस्तुलं निघाली आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. एक सिस्तेमा कोल्ट मोडेलो १९२७, कोल्टच्या लायसन्सवर सरकारी कारखान्यात बनलेलं, भाग १९११ए१ शी अदलाबदल होतात, माझ्या लेखी ते पूर्णपणे १९११ए१ आहे, भाषा स्पॅनिश कोरलेली आहे एवढंच. दुसरं बॅलेस्टर-मोलिना, त्याची नळी आणि मॅगझिन १९११ चं चालतं पण ट्रिगर पिनवर फिरणारा आणि ग्रिप सेफ्टी नाहीच, म्हणजे चांगलं दणकट पिस्तूल पण १९११ नाही. स्पेनच्या स्टार मॉडेल बी चंही तेच, वर एक्स्ट्रॅक्टर बाहेरचा. नॉर्वेने कोंग्सबर्गला लायसन्सवर केलेलं एम/१९१४ मात्र १९११ च आहे, त्यांनी स्लाइड स्टॉपचा दांडा जरा लांबवला, बाकी हात लावला नाही. आणि रशियन टोकारेव्हमध्ये ब्राउनिंगची लिंक आहे म्हणून त्याला कोणी १९११ म्हणत नाही, एखादी कल्पना उचलणं वेगळं आणि पूर्ण पिस्तूल तसं बनवणं वेगळं. खुद्द ब्राउनिंगने आपल्या शेवटच्या कामात लिंक सोडून देऊन पक्का कॅम (नळीला खाली आणणारा न हलणारा उतार) घेतला, तेच पुढे सेव्ह या बेल्जियन डिझाइनरने पूर्ण केलं आणि १९३५ ला हाय-पॉवर म्हणून आलं, म्हणजे "ब्राउनिंगचं म्हणून अस्सल" हा निकषसुद्धा पुरत नाही.

सिरीज ७० आणि ८० चा गोंधळ. १९७० मध्ये कोल्टने सिरीज ७० काढली, त्यात खरा बदल बुशिंगचा होता, बोटांसारख्या पाकळ्यांचं स्प्रिंगी बुशिंग नळीला घट्ट धरायचं. आज लोक "सिरीज ७०" म्हणतात ते मात्र फायरिंग पिन ब्लॉक नाही एवढ्याच अर्थाने. १९८३ मध्ये सिरीज ८० आली आणि तिच्यात ट्रिगरने उचलला जाणारा प्लंजर आला, ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊ शकत नाही. त्यासाठी फ्रेममध्ये दोन जास्तीचे लिव्हर आणि स्लाइडमध्ये एक जास्तीचं भोक. सुरक्षेच्या दृष्टीने बदल चांगला आहे, पिस्तूल तोंडावर पडलं तर उडण्याची शक्यता कमी होते, आणि नीट बसवलं असेल तर ट्रिगरमध्ये सर्वसाधारण माणसाला फरक कळतही नाही. मी त्याला १९११ च म्हणतो, कारण आधीची कुठलीही गोष्ट काढलेली नाही, एक वरून टाकलीय. पण "ड्रॉइंगप्रमाणे" मात्र म्हणणार नाही. आणि इथे एक गोष्ट तुमच्या मित्राला पटणार नाही, ती अशी की फिलिपिन्समध्ये आर्मस्कॉरने बनवलेलं साधं जीआय (युद्धकाळातल्या शिपायाच्या) छापाचं पिस्तूल, ज्यात हा ब्लॉक नाही, ते आतल्या यंत्रणेत १९४४ च्या ड्रॉइंगला सिरीज ८० च्या कोल्टपेक्षा जास्त जवळ आहे. नाव कोल्टचं पाहिजे असेल तर जरूर घ्या, कंपनीचा वारसा खरा आहे, फक्त नावावरून यंत्रणेचा अंदाज बांधू नका.

स्मिथ अँड वेसनने २००३ मध्ये १९११ काढलं त्याला बाहेरचा एक्स्ट्रॅक्टर दिला, तो मला तितकासा आवडत नाही पण त्यामागचं कारण समजतं, आतला एक्स्ट्रॅक्टर योग्य धातूचा आणि योग्य ताणाचा असावा लागतो आणि तो ताण हाताने जुळवावा लागतो, मोठ्या कारखान्याला हे काम नको असतं. नंतर २०११ म्हणून जो प्रकार आहे, खाली प्लॅस्टिकची ग्रिप, वर स्टीलची फ्रेम, दुहेरी रांगेचं मॅगझिन, ते स्पर्धेसाठी अप्रतिम आहे, त्याचं कुळ १९११ चंच आहे पण ते पुढची पिढी आहे, त्याला १९११ म्हणू नये असं मला वाटतं. लहान नळीचे प्रकार, उदाहरणार्थ १९५० च्या आसपास आलेला कमांडर, सव्वाचार इंची नळी आणि अॅल्युमिनियमची फ्रेम, ते मी १९११ मध्येच धरतो. अगदी तीन इंचीवर गेलं की मात्र नळी जास्त झुकावी लागते, बुशिंग जातं, स्प्रिंगची रचना बदलते, तिथे माझा हात आखडतो. .३८ सुपर १९२९ पासून आहे, त्यामुळे ".४५ नाही म्हणजे खरं नाही" हा आग्रह मी धरत नाही.

आणि दुकानात "मिल-स्पेक" (सैन्याच्या मापाचं) लिहिलेलं दिसेल तेव्हा जरा थांबा. बहुतेक अशा पिस्तुलांत इजेक्शनची खिडकी खाली उतरवलेली असते, साइट्स मोठ्या असतात, मॅगझिनचं तोंड कलतं केलेलं असतं. वापरायला हे सगळं सोयीचंच आहे, युद्धकाळातल्या साइट्स खरंच फार बारीक होत्या, पण ते सैन्याचं स्पेक नाही. तसंच आजची स्प्रिंगफील्ड आर्मरी ही १९७४ ची इलिनॉयमधली खाजगी कंपनी आहे, मॅसॅच्युसेट्समधली सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी १९६८ लाच बंद झाली. आर्मस्कॉरच्या रॉक आयलंड आर्मरी या ब्रँडचा सरकारी रॉक आयलंड आर्सेनलशीही (सैन्याच्या शस्त्र-कारखान्याशीही) संबंध नाही. हे सांगतोय कारण तुमच्या पिस्तुलाच्या फ्रेमवर कदाचित "आरआयए" अशी अक्षरं सापडतील आणि कोणीतरी तुम्हाला सांगेल की अरे ही तर फिलिपिन्सची फ्रेम. तशी नसते, ती आर्सेनलची खूण असते, आणि तिथूनच आपण तुमच्या पिस्तुलाकडे येतो.

हे बघा, १९४५ नंतर सैन्याने १९११ए१ चे नवीन करार दिले नाहीत, आणि त्यांच्या जागी बेरेटा एम९ पिस्तूल आलं १९८५ ला. मधली चाळीस वर्षं, त्यात कोरिया आणि व्हिएतनाम, तीच पिस्तुलं वापरात होती. कशी टिकली? तर आर्सेनलमध्ये परत परत दुरुस्त होऊन. पिस्तुलं ढिगाने यायची, पूर्ण खोलली जायची, भाग धुऊन, मोजून, चांगले एकीकडे आणि बाद दुसरीकडे, आणि चांगल्या भागांतून पुन्हा पिस्तुलं जोडली जायची. तिथल्या माणसाला ही स्लाइड कोल्टची आणि ही फ्रेम रेमिंग्टन रँडची याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, मुळात अदलाबदल व्हावी म्हणूनच तर ते ड्रॉइंग तसं होतं. त्यानंतर सगळं पुन्हा पार्करायझिंग (गंज रोखणारा मंद रंगाचा लेप) करून फ्रेमवर खूण मारायचे, "एए" म्हणजे ऑगस्टा आर्सेनल, "आरआयए" म्हणजे रॉक आयलंड, "एसए" म्हणजे स्प्रिंगफील्ड, सोबत तपासणीसाची अक्षरं. २०१८ पासून अमेरिकेतल्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नेमबाजी संस्थेतून जी सरकारी १९११ नागरिकांना मिळतायत त्यातली पुष्कळ अशीच मिश्र आहेत, आणि ती खरी सैन्याची नाहीत असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

म्हणून तुमचं पिस्तूल मिश्र आहे याचा अर्थ ते बनावट असा होत नाही. पण ते "कारखान्यातून निघालं तसं" आहे असंही होत नाही, आणि संग्राहकांच्या बाजारात या दोन्हीच्या किमतीत मोठा फरक असतो. विकणाऱ्या गृहस्थांचं वाक्य खरं आहे, प्रश्न ते कुठल्या भावाने खरं मानायचं इतकाच आहे.

आता एक बारकावा. या पिस्तुलांच्या फ्रेमवर बनवणाऱ्याचं नाव नसतं, नाव फक्त स्लाइडवर असतं. फ्रेमच्या उजव्या बाजूला नंबर आणि मॉडेल, आणि "युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी". म्हणजे फ्रेम कोणाची ते नंबरवरून आणि तपासणीसाच्या खुणेवरून काढायचं, रेमिंग्टन रँडवर डाव्या बाजूला "एफजेए" पाहिजे, ती फ्रँक जे. अॅटवुड या ऑर्डनन्स अधिकाऱ्याची अक्षरं. रेमिंग्टन रँडच्या स्लाइडवर नंबर नसायचा, म्हणून "मॅचिंग नंबर" हा शब्द इथे कोणी वापरला तर कान टवकारा, जुळवायचं असतं ते त्या काळातल्या योग्य प्रकारच्या स्लाइडशी, नंबराशी नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा, सगळे भाग एकाच कंपनीचे असणं हे मूळ असण्याचं लक्षण नाही. रेमिंग्टन रँडच्या कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलात हाय स्टँडर्ड कंपनीची, "एचएस" खुणेची नळी अगदी बरोबर आहे, मॅगझिन स्कॉव्हिल किंवा रिस्डन या कंपन्यांचं असू शकतं, किंवा "जी" खुणेचं, जे रेमिंग्टन रँडच्याच दाढीची यंत्रं करणाऱ्या जनरल शेव्हर विभागाने केलं. तपकिरी प्लॅस्टिकच्या ग्रिप कीज फायबर नावाच्या कंपनीच्या असू शकतात. कोणी अर्धवट माहितीवर असल्या पिस्तुलातून "चुकीची" एचएस नळी काढून दुसरी टाकली तर उलट नुकसानच.

स्लाइड कोल्टची आहे म्हणताय तर ती युद्धकाळातली आहे की नंतरची बदली स्लाइड आहे ते आधी बघा. ७७९०३१४ असा लांब ड्रॉइंग नंबर दिसला तर ती युद्धानंतरची, पूर्ण हार्डन केलेली बदली स्लाइड. संग्रहासाठी तिची किंमत कमी, वापरायला मात्र तीच जास्त चांगली. पेटंटच्या तारखांची असेल तर ती जुनी, पण मग ती पहिल्या महायुद्धाची की दुसऱ्या हे फिनिश, साइट आणि खुणांवरून ठरवावं लागेल, आणि ते महत्त्वाचं आहे कारण पहिल्या महायुद्धातल्या स्लाइड आजच्यासारख्या हार्डन केलेल्या नसायच्या आणि जास्त वापराने त्यांना चीर पडलेली मी बघितलीय. अशी असेल तर त्यातून नियमित गोळ्या झाडू नका.

फ्रेम खरंच १९११ए१ ची आहे का हे ओळखायला ट्रिगरच्या मागे बोट फिरवा, दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखा उतार कापलेला लागेल. १९२४ च्या सुमाराला जे बदल झाले, आखूड ट्रिगर, हा उतार, मागे फुगीर मेनस्प्रिंग हाउसिंग, ग्रिप सेफ्टीचं लांब शेपूट, त्यात पुढे कोणालाही सहज बदलता न येणारी गोष्ट हीच, बाकीचं सगळं दहा मिनिटांत बदलतं.

फिनिश शेवटी बघा पण नीट बघा. आर्सेनलचं पार्करायझिंग सगळ्या भागांवर एकसारख्या राखाडी-हिरवट रंगाचं असतं, आणि त्याच्या खाली जुन्या वापराच्या खुणा, घासलेल्या कडा, छोटे खड्डे झाकले गेलेले दिसतात. फ्रेम एका छटेची आणि स्लाइड दुसऱ्या छटेची असेल, आणि आर्सेनलची खूणही नसेल, तर ही जोडी आर्सेनलमध्ये झालेली नाही. ती युनिटमध्ये झाली असेल, साफसफाई करताना स्लाइड इकडच्या तिकडे होणं काही नवलाचं नाही, किंवा गेल्या पाच-दहा वर्षांत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये झाली असेल. वस्तूवरून या दोन्हींतला फरक सांगता येत नाही, कागदपत्रं असतील तरच, त्यामुळे गोष्ट कितीही सुरेख सांगितली तरी पैसे पिस्तुलाचे द्या.

थोडक्यात तुमच्यापुरतं: यंत्रणा १९११ची आहे का, तर आहेच. सैन्याचं आहे का, फ्रेमच्या खुणा खऱ्या असतील तर आहे. कारखान्यातून निघालं तसं आहे का, तर नाही, आणि ते कोणी म्हणूही नये. तुम्हाला एखादं युद्ध बघितलेलं पिस्तूल हवंय, महिन्यातून एकदा रेंजवर नेऊन साध्या २३० ग्रेनच्या बॉल (गोल टोकाच्या) गोळ्या झाडायच्यात, तर आर्सेनलची खूण असलेलं मिश्र पिस्तूल मी तुम्हाला आनंदाने घ्यायला सांगेन. पुढेमागे चांगल्या भावाने विकायचं म्हणून घेत असाल तर सोडा आणि योग्य स्लाइडवालं शोधा. आणि दर आठवड्याला शेकडो गोळ्या झाडायच्या असतील, होलो पॉइंट (पोकळ टोकाच्या गोळ्या) चालवायच्या असतील, तर दोन्ही सोडून नवीनच घ्या, जुन्या नळ्यांचा रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढवणारा उतार) बॉल गोळीसाठी कापलेला असायचा आणि दुर्मीळ होत चाललेली वस्तू झिजवून टाकण्यात अर्थ नाही.

व्यवहाराच्या आधी मला चार फोटो पाठवा: फ्रेमची उजवी बाजू नंबरासकट, डावी बाजू ट्रिगरच्या वर आणि मॅगझिन कॅचजवळ, स्लाइडची डावी बाजू, आणि नळी बाहेर काढून तिच्यावरच्या खुणा. उजेड तिरका ठेवा, फ्लॅश नको, फ्लॅशने उथळ खुणा पुसल्यासारख्या दिसतात. आणि विकणाऱ्या गृहस्थांना आजच सांगून ठेवा की दाखवायच्या आधी पॉलिश मारून किंवा नवीन ब्लूइंग करून ते पिस्तूल चकचकीत करू नका, आहे तसंच राहू दे.